पिवळ्या घरातले पाहुणे

यंदाच्या वसंतात डोलिना मॅकफीने आपलं घर पिवळं रंगवलं आणि शेजारच्या एफीने तिच्याशी बोलणं टाकलं. पोर्ट कॅलमच्या धक्क्यावर घरांची एकच ओळ, निळं, लाल, गुलाबी, पांढरं. त्यात पिवळं घर इतकी वर्षं फक्त एफीचं होतं आणि खाली तिचं चहाचं दुकान. डोलिनाचं म्हणणं, रंगवाल्याकडे तेवढाच रंग शिल्लक होता. एफीचं म्हणणं, हा भरदिवसा घातलेला दरोडा आहे.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारच्या बोटीने डोलिनाच्या नवऱ्याचा, हेक्टरचा, चुलतभाऊ बायकोला घेऊन कॅनडाहून यायचा होता. हेक्टरला जाऊन तीन वर्षं झाली होती. या दिराला डोलिनाने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. फोनवर तिने बजावलं होतं, "धक्क्यावर उतरा आणि पिवळ्या घरात शिरा. दार उघडंच असतं. परक्यासारखं टकटक करत उभे राहू नका."

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ती माशाच्या सुपात दूध ओतत होती. तिचा भाऊ लॅक्लन खिडकीतल्या खुर्चीत बसून बंदरावर नजर ठेवून होता. बंदरावरच्या नोकरीतून तो कधीच निवृत्त झाला होता, पण ही गोष्ट त्याला कुणी नीट समजावून सांगितली नसावी.

"आले वाटतं," तो म्हणाला.

पाठीवर पिशव्या अडकवलेलं एक उंच जोडपं दारातून आत आलं आणि सरळ टेबलाशी जाऊन बसलं. टकटक नाही, काही नाही. डोलिनाचे डोळेच भरून आले. तिने आधी बाईला मिठी मारली, मग पुरुषाला.

"किती वाट पाहायला लावलीत! हेक्टर असता तर नाचला असता!"

मिठीतून सुटल्यावर पुरुष म्हणाला, "आभारी आहे. स्वागत फार छान. आज खायला काय आहे?"

"बघ लॅक्लन, अगदी हेक्टर! तोही उंबऱ्यात पाय टाकला की हेच विचारायचा."

"बोलताना अडखळतोय," लॅक्लन पुटपुटला.

"कॅनडात निम्मी माणसं फ्रेंच बोलतात. गप्प बस."

सूप आलं, ओटच्या कुरकुरीत चकत्या आल्या, लोणी आलं. बाईने खिडकीकडे बोट केलं. "ती जागा आम्हाला मिळेल का? त्या आजोबांचं आटपलं असेल तर."

आजोबा कोण, हे लॅक्लनने मागे वळून पाहिलं.

"ऊठ," डोलिना म्हणाली.

"मी? मग बंदराकडे कोण बघणार?"

"बंदर कुठे पळून जात नाही. माणसं एवढा समुद्र ओलांडून आली आहेत. ऊठ म्हणते ना!"

लॅक्लन कोळशाच्या पेटीवर जाऊन बसला. पुरुषाने सुपाचा घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाला, "उत्तम. मीठ जरा कमी आहे."

सासू गेल्यापासून हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. डोलिनाला राग आला आणि खात्रीही पटली. सासरची माणसं ती सासरचीच, कॅनडाला जाऊन काय फरक पडतो! तिने मीठ आणलं, आणि सोबत फोटोंचा अल्बमही.

पाहुण्याने अदबीने पानं उलटली. "हे इथले मालक का?"

"मालकच हो," डोलिनाने पदर नव्हता म्हणून एप्रनला डोळे पुसले.

तेवढ्यात दारात एफी उभी राहिली, चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा.

"डोलिना! कुणी वॉलेस मॅकफी माझ्या दुकानात शिरलाय. त्याने मला मिठी मारली. त्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडतेय, मला तोंड उघडू देत नाही. सामान माझ्या झोपायच्या खोलीत नेऊन टाकलंय, आणि आता तो वर माझ्या टबात बसून गातोय! खाली गिऱ्हाइकं ऐकताहेत!"

डोलिना हळूच खिडकीतल्या जोडप्याकडे वळली. "तुम्ही... कॅनडाचे ना?"

"हॅनोवरचे," पुरुष म्हणाला. "जर्मनी." त्याने पिशवीतून प्रवाशांसाठीचं माहितीपुस्तक काढून त्यातलं पान दाखवलं. "धक्क्यावरचं पिवळं घर, चहा आणि नाश्ता. हेच ना?"

लॅक्लन इतका हसला की कोळशाच्या पेटीवरून खाली घसरला. जर्मन बाईच्या लक्षात एकेक गोष्ट येत गेली आणि ती लाल लाल होत उभी राहिली. "म्हणजे आम्ही तुमच्या घरात... आणि या आजोबांना... आणि मिठाचं..."

"बसा खाली, सूप निवतंय," डोलिना म्हणाली. "या घरात जेवत्या माणसाला कुणी उठवत नाही."

"मला उठवलंस की!" लॅक्लन जमिनीवरूनच ओरडला.

मग धक्क्यावरून, सगळ्या गावाच्या देखत, ओल्या केसांचा वॉलेस एफीचा फुलाफुलांचा गाऊन घालून आला. मागून बायको डोळे पुसत आली. त्याने दिसेल त्याला मिठ्या मारल्या. जर्मनालाही. टेबल पुरेना, म्हणून लॅक्लनने परसातलं बाक आत आणलं. खायलाही पुरेना, तेव्हा एफी तणतणत गेली आणि दुकानातले उरलेले सगळे स्कोन, चहासोबतचे छोटे गोडसर पाव, टोपलीत भरून घेऊन आली.

"हे मी पाहुण्यांसाठी आणलेत," ती डोलिनाला म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

"हो, पण लोणी माझंच लावतेस," डोलिना म्हणाली.

वॉलेसने जर्मनाच्या पाठीवर थाप मारली. "आणि तुम्ही कुणाकडचे? हेक्टरच्या आईकडचे की वडलांकडचे?"

जर्मनाने विचार केला, वाडग्याचा तळ ओटच्या चकतीने पुसून घेतला आणि म्हणाला, "मी सुपाकडचा."

परतीच्या बोटीची वेळ झाली तशी सगळीच धक्क्यावर गेली. जर्मन बाईची पिशवी लॅक्लनने घेतली आणि वाटेत तिला प्रत्येक बोटीचा नि बोटीच्या मालकाचा इतिहास ऐकवला. बोट सुटली तेव्हा वॉलेसची बायको हुंदके देऊन रडली. डोलिनाला वाटलं, केवढी ही माया. पण पुढच्या आठवड्यात कळलं की ती निरोप देताना कुणासाठीही रडते. पोस्टमनसाठी तर रोज सकाळी.