हानाची दोन ताटं

मंगळीला भिंती रंगवायची सवय होती. जव्हारमधल्या दोन हॉटेलांच्या भिंती तिनं रंगवल्या होत्या, शिरपामाळच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टचीही. लोकांना काय हवं असतं ते तिला पाठ झालं होतं. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचा नाच, ताडाचं झाड, बैलगाडी. त्यामुळं सिगुलाबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि म्हटलं, "या भिंतीवर मला मारून टाकलेली मुलं हवीत," तेव्हा आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असंच तिला वाटलं.

सिगुला चेऊलकर मूळच्या भायखळ्याच्या. शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि नवऱ्यानं जव्हारला घर घेतलं. दिवाळी झाली की इकडचे पाडे ओस पडतात. माणसं ट्रकात बसून भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात, आणि बरोबर गेलेल्या पोरांची शाळा तिथंच सुटते. अशी पोरं पावसाळ्यापर्यंत ठेवून घ्यायला या दोघांनी घराचा मागचा भाग मोकळा केला. पुढं नवरा वारला, पण पोरं येत राहिली. आता बाई ऐंशीला टेकल्या होत्या. स्वयंपाकाचं आणि पोरांचं बरंचसं नीता नावाची बाई बघायची.

"आम्ही ज्यू," बाईंनी मंगळीला सांगितलं. "इथले. अलिबागकडं आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे ना आमचे लोक, म्हणून. पण युरोपात हिटलरनं आमच्यातले साठ लाख मारले. त्यात मुलंच पंधरा लाख. गाड्या भरभरून नेली आणि मारली."

"तुमच्या घरातलीबी होती?"

"नाही. आमच्या लोकांना या देशात कुणी बोटही लावलं नाही. म्हणूनच मला वाटतं, आठवण ठेवायचं काम आमच्यावर जास्त आहे. आम्हाला त्याला काय जड आहे?"

जानेवारीच्या अखेरीस त्या मारलेल्या साऱ्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. त्याआधी भिंत व्हायला हवी होती. बाईंनी एका जाड पुस्तकातले फोटो दाखवले. मालगाडीचे डबे, काटेरी तारा, बुटांचा ढीग, प्रेतं जाळायच्या भट्टीचं धुरांडं. मंगळी ते पुस्तक घरी साखरशेतला घेऊन गेली आणि दोन-तीन दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

मग तिनं काम धरलं. मोठ्या खोलीची लांब भिंत गेरूनं सारवून घेतली. तांदळाच्या पिठात डिंक कालवला, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी काढली. डब्यांच्या फटींतून बाहेर आलेले हात. खाली उभे बंदूकवाले. गाडी जिथं पोचते तिथं धुरांडं. गाडी पुरी झाली त्या दिवशी बाई काठी टेकत आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच."

मंगळीलाही वाटलं, इतकं चांगलं आपल्या हातून कधी उतरलं नव्हतं.

त्या खोलीत पोरं निजायची. दिवाळीनंतर नुकतीच आलेली होती, काही अजून रुळलेली नव्हती. त्यातली प्रगती दुसरीतली, साखरशेतचीच. एका सकाळी नीता चहाच्या वेळी म्हणाली, "बाई, प्रगतीनं गादी स्वयंपाकघरात नेलीय. म्हणते, तिकडं नाय निजणार."

"का?"

"सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी गेल्या, मग धाकटे मुलगेही. आठवडाभरात मोठी खोली रिकामी झाली आणि सगळी पोरं चुलीपासून ओट्यापर्यंत दाटीवाटीनं निजू लागली. मंगळी धुरांड्याजवळचं काम करत होती तेव्हा प्रगती दारापर्यंत आली. आत पाऊल न टाकता तिनं विचारलं, "मंगळीमावशी, ह्या डब्यात आया हायत?"

"हायत."

"त्या परत आल्या?"

मंगळीला खोटं बोलवेना. "नाही," ती म्हणाली.

"माझी आईपण ट्रकात बसून गेली," प्रगती म्हणाली. "हात असाच बाहेर काढला होता तिनं."

मंगळीनं काडी वाटीत ठेवली आणि सरळ बाईंकडं गेली. बाई पडवीत नागलीचं पीठ चाळत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा कठीण झाला.

"तू म्हणतेस, पुसून टाकू?"

"दुसरं काढू."

"पुसायचं नाही, मंगळी. त्या मारणाऱ्यांनीही तेच केलं. माणसं मारली, आणि मग पुरलेली प्रेतं उकरून जाळली, कागद जाळले. जसं काही ती मुलं जन्मालाच आली नव्हती. मी माझ्या हातानं पुसू म्हणतेस?"

"मग ही पोरं कुठं निजतील, बाई?"

बाईंच्या हातातली चाळण थांबली. मंगळी त्या दिवशी काम तसंच सोडून घरी गेली. परत यायचं की नाही, याचाच विचार ती करत राहिली.

परत यावंच लागलं, कारण दुसऱ्या दिवशी नीताचा फोन आला. "लवकर ये. बाई जमिनीवर आडव्या झाल्यात आणि उठायचं नाव घेत नाहीत."

मंगळी धावत आली. बाई पडल्याबिडल्या नव्हत्या. मोठ्या खोलीत, प्रगतीची गादी असायची त्या जागी सतरंजी टाकून त्या उताण्या निजल्या होत्या आणि भिंतीकडं बघत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "इथं निज माझ्याशेजारी."

मंगळी निजली. खालून बघितल्यावर भिंत उंचच उंच वाटत होती. गाडी थेट अंगावरून जाईल अशी धावत होती, आणि बंदुकांची टोकं बरोबर डोळ्यांवर येत होती.

"मी आजवर उभी राहून बघत होते," बाई म्हणाल्या.

त्यांना उठवायला मंगळी आणि नीता दोघींना जोर लावावा लागला. खुर्चीवर बसवल्यावर मंगळीनं विचारलं, "बाई, त्या मुलांचं तुम्हाला कुणी सांगितलं? पुस्तकाच्या आधी?"

"आईनं."

"तिनं काय सांगितलं?"

मग बाईंनी सांगितलं. युद्धाच्या वेळी पोलंडमधून हुसकावलेली मुलं रशिया, मग इराण असं करत मुंबईपर्यंत आली होती. आईबाप कुणाचे वाटेत गेलेले, कुणाचे मागंच राहिलेले. त्यातली काही ज्यू मुलं पुढची सोय होईपर्यंत ज्यू घरांमध्ये ठेवली गेली. भायखळ्याच्या घरी चौघं आली. बाईंचा जन्म त्यानंतरचा, पण आईनं इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना ती मुलं पाहिल्यासारखीच वाटत.

"ती मुलं पाव चोरायची," बाई म्हणाल्या. "जेवण झालं तरी उशीखाली लपवायची. बुरशी यायची, मुंग्या लागायच्या. आई रागावली नाही. तिनं पावाची टोपली भरून खोलीच्या मधोमध ठेवायला सुरुवात केली. सगळ्यांना दिसेल अशी. कधीही उठा, घ्या. पुढं उशीखाली काही सापडेना झालं."

"आणि?"

"एक मुलगी होती, हाना. नऊ वर्षांची. बोलायचीच नाही. जेवायला बसली की बोटानं दाखवायची, आणखी एक ताट. तिचा धाकटा भाऊ होता, लेयब. तो वाटेत तापानं गेला होता. शेजारणी आईला म्हणायच्या, हे खूळ मोडून काढ. आईनं दोन ताटं वाढली. दोन्ही वेळेला, दोन्ही ताटं पूर्ण. दुसऱ्या ताटातलं ती पातेल्यात परत टाकायची नाही, दारावर कुणी आलं की त्याला द्यायची. असे कितीतरी दिवस गेले. एकदा हानानं ते दुसरं ताट आपल्याकडं ओढलं, त्यातलं खाल्लं, आणि मोठ्यानं रडायला लागली. पहिल्यांदाच. आई म्हणायची, त्या दिवशी ती पोर आमच्या घरी आली."

"मग कुठं गेली?"

"जहाजानं पॅलेस्टाइनला, बाकीच्यांबरोबर. पुढं काही कळलं नाही."

मंगळी भिंतीकडं बघत होती, पण आता तिला गाडी दिसत नव्हती.

"बाई, ही गाडी मी कापडावर उतरवते. तशीच्या तशी. ती पुढच्या खोलीत लावा. मोठी माणसं येतात तिकडं, त्यांनी बघावी. इथं तुमच्या आईला काढू द्या मला."

बाईंनी मान डोलावली. गाडी कापडावर पुरी उतरून होईपर्यंत मात्र त्यांनी भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही. मग गेरूचा पहिला हात त्यांनी स्वतः मारला. मारताना त्या ओठांतल्या ओठांत हिब्रूत काही म्हणत होत्या.

मंगळीनं भिंतीच्या मधोमध एक बाई काढली. तिच्यापुढं टोपली. टोपलीपासून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणारी पंगत. चार पोरं बसलेली, आणि त्यातल्या एकीपुढं दोन ताटं. त्यापुढं नुसती ताटं. वाढलेली, पण समोर कुणी बसलेलं नाही. पंगत फिरत फिरत भिंतभर पसरली आणि ताटं लहान होत होत कडेला तांदळाच्या दाण्याएवढी झाली. सिगुलाबाई रोज खुर्ची टाकून बसायच्या. पोरंही हळूहळू दारातून आत यायला लागली.

"ही कुणाची?" प्रगतीनं समोर कुणी नसलेल्या ताटांवर बोट ठेवत विचारलं.

मंगळीनं बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "त्या गाडीतून नेलेल्या मुलांची. त्यांना मारून टाकलं."

"ती येणार नाहीत?"

"नाही."

"मग वाढलं कशाला?"

"ती होती म्हणून."

प्रगतीनं विचारलं, "आणि माझी आई?"

"तुझी आई भट्टीवर आहे, विटा थापते. रविवारी तिचा फोन येतो ना? पावसाआधी येईल. हे वेगळं आहे, प्रगती. ती माणसं मारायलाच नेली होती."

संध्याकाळी प्रगतीनं गादी परत आणली आणि टोपलीवाल्या बाईच्या पायाशी अंथरली. सगळी पोरं एकदम आली नाहीत. एक मुलगा तर शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच निजला. पण खोली पुन्हा भरली.

स्मरणाच्या दिवशी सकाळी ठाण्याहून बाईंच्या ओळखीची माणसं आली. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली. मंगळीनं आपली आई धाकली हिला माहेराहून, खोडाळ्याहून आणलं होतं. धाकली धवलेरी होती, लग्नात भिंतीवर काढलेल्या चौकापुढं बसून देवांची गाणी म्हणायची. लेकीनं मेलेल्यांचं काय काढलंय ते बघायला ती जरा नाराजीनंच आली होती. माणसं पुढच्या खोलीत गेल्यावर ती भिंतीजवळ गेली आणि एकेका ताटावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंगळे, ह्यात एक आपले रघ्याचा काढ."

मंगळी दचकली. रघ्या तिचा धाकटा भाऊ. ती आठ वर्षांची असताना गेला. त्या वर्षी पाड्यातली बरीच पोरं गेली होती, पोटात अन्न नाही आणि वर जुलाब. त्यानंतर आईनं त्याचं नाव कधी घेतलेलं तिला आठवत नव्हतं.

ती बाईंकडं गेली, कारण भिंत बाईंची होती. बाई भिंतीपाशी आल्या. धाकलीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "धाकलीबाई, रागावू नका. ही ताटं त्या मुलांची आहेत. त्यांना ज्यू म्हणून मारलं. तुमचा रघ्या भुकेनं गेला, त्याचं दुःख काही लहान नाही. पण दोन्ही एकात कालवलं तर उद्या बघणाऱ्याला ना ही मुलं कळतील, ना रघ्या."

मंगळीला वाईट वाटलं. एका ताटानं काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं. धाकलीनं मात्र मान डोलावली.

"खरा हाय," ती म्हणाली. "आपले पोराला परक्यांचे पंगतीत कशाला बसवायचा? त्याला त्याचा चिरा पाहिजे."

आणि तिनं बाईंना समजावून सांगितलं. माणूस मेला की त्याच्या नावानं शिवारात चिरा घालतात. सागाची नाहीतर दगडाची फळी, वर सूर्य-चंद्र कोरलेले. पण त्यांच्या पाड्यात तान्ह्या-लहान्यांचा चिरा घालत नसत. म्हणून रघ्याचा राहिला होता.

"आता घालीन," धाकली म्हणाली. "कोण नाय म्हणतो ते बघतां."

कुणी नाही म्हटलं नाही. पाड्यातल्या दोन म्हाताऱ्या कुरकुरल्या, आणि मग त्यांच्यातल्याच एकीनं विचारलं, माझ्या लेकीचंही त्याच फळीवर कोराल का? धाकलीनं सांगितलं, तिला तिची वेगळी कर. सागाची फळी मंगळीनं स्वतः कोरली. वर सूर्य आणि चंद्र, खाली हातात गलोल घेतलेला मुलगा, कारण रघ्याला तेवढंच यायचं.

होळीच्या आधी एका सकाळी चिरा घातला. सिगुलाबाई जीपनं खोडाळ्यापर्यंत आल्या आणि पुढची बांधावरची वाट मंगळीच्या खांद्याला धरून चालल्या. धाकलीनं शेंदूर लावला, नारळ फोडला आणि रघ्याला नावानं हाक मारली. हाक साऱ्या शिवारात गेली.

सगळं झाल्यावर बाई वाकल्या. कापलेल्या भाताच्या खाचरातून त्यांनी एक लहान दगड उचलला, पदरानं पुसला आणि चिऱ्याच्या पायाशी ठेवला.

"हा काय?" धाकलीनं विचारलं.

"आमच्यात थडग्यावर दगड ठेवतात. कुणीतरी येऊन गेलं, हे कळावं म्हणून."

धाकलीनं तो दगड बघितला. ऊन चढलं होतं, बाईंना धाप लागली होती. तिनं बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "चल बाय, घरा. भाकर खाऊन जा."

दोघी म्हाताऱ्या बांधावरून एकमेकींना सावरत पुढं निघाल्या. मंगळी कोरायची हत्यारं गोळा करत थोडा वेळ मागं राहिली.