पानमळ्यातलं गोड पान

नात मेघालीचा साखरपुडा झाला ते साल दोन हजार बावीस. माकुणसारच्या रामनाथचा पानमळा तेव्हा भरात होता, पण वेलीवरचं पान त्याला बोटांनीच ओळखावं लागे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रक्तातली साखर ताब्यात राहिली तर सोमवारी ऑपरेशन, नाहीतर दोन महिने थांबा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लग्न तर महिन्यावर. अंतरपाट सरला की नातीचं तोंड नीट दिसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

साखरपुड्याला चिंचणीहून नवऱ्यामुलाचे आजोबा एकनाथ आले. त्यांनी पेढा थेट रामनाथच्या तोंडाशी धरला.

"तोंड गोड करा, व्याही."

"मला नाय चालत."

"आमचा पेढा चालत नाय, मग आमचा पोरगा कसा चालेल?"

सगळे हसले, पण एकनाथांचा हात काही खाली येईना. रामनाथची बायको विजया हिनं डोळे वटारले. नवऱ्यावर की व्याह्यांवर, ते कळलं नाही.

"जरा बसा," म्हणून रामनाथ उठला आणि मळ्याच्या कडेला गेला. तिथे कृषी प्रदर्शनातून आणलेलं स्टेव्हियाचं, साखरेहून गोड पानांचं झुडूप होतं. वर्षभर तो त्याची पानं चहात घाली. यानं साखर वाढत नाही, पण गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. एक पान जास्त पडलं की चहा कडू होतो, हे तो आपलं आपण शिकला होता.

विड्याची दोन कोवळी पानं त्यानं पुसली. नखभर चुना, बडीशेप, ओलं खोबरं आणि मधे स्टेव्हियाचं एकच पान. एक विडा स्वतः खाल्ला, दुसरा एकनाथांना दिला.

एकनाथ चावत राहिले. "गुलकंद भरपूर घातलाव."

"कणभर नाय."

त्यांनी पेढा हळूच ताटात ठेवला आणि रामनाथच्या कानाशी आले. "मलापण साखर हाय. घरात सांगितलं नाय. सून गोडाचे डबे कुलपात ठेवील."

"मग पेढे खाता कशाला?"

"मान राखायला."

विजयानं ते ऐकलं. पाहुणे परत निघताना तिनं एकनाथांच्या पिशवीत स्टेव्हियाचं एक रोप ठेवलं आणि त्यांच्या सुनेला सगळं सांगून टाकलं.

ऑपरेशन सोमवारीच झालं. लग्नात रामनाथनं मेघालीच्या नाकावरचा तीळसुद्धा पाहिला.

एकनाथ दोन हजार पंचवीसच्या फाल्गुनात वारले, शहाऐंशीव्या वर्षी; तोवर त्यांच्या चहात त्याच रोपाचं पान पडत होतं.