गोळ्या कापणारी सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. लोहाराने मला करवतीच्या मोडक्या पात्यातून घडवले, सुताराने लाकडी मूठ बसवली आणि घरोघरी जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एका मावशींनी मला विकत घेतले. त्यांच्या ओट्यावर मी ढीगभर कांदे, बटाटे, कोबी कापले. जेवणारे मावशींच्या हाताच्या चवीचे गोडवे गात. असो, सुरीला कोण विचारतो?

मग मावशींना छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशनसाठी मुलाने स्वतःचा टेम्पो विकला आणि तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. मावशी वाचल्या. शेजारणी म्हणाल्या, "सुटलात बाई एकदाच्या." सुटल्या कसल्या? आजार उलटू नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची होती, तीही वर्षानुवर्षे. गोळी महाग, आणि अंगात त्राण नसल्याने डबे बंद पडलेले.

एका दुपारी घरात कोणी नसताना मावशींनी गोळी फळीवर ठेवली आणि मला तिच्या मधोमध टेकवले. चुरा सांडला, तो त्यांनी ओल्या बोटाने टिपून खाल्ला. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसासाठी डबीत गेली. मला माझीच शिसारी आली. पण सुरीला नाही म्हणता येत नाही.

मुलगा विचारी, "आई, गोळ्या आणू का गं?"

"आहेत अजून. पैसे काय झाडाला लागलेत?"

"तुझं गोळ्यांचं पाकीट बरं पुरतं."

"मी काय उधळी आहे?"

दोघेही हसत. मुलाला ते हसू खरे वाटे.

आजार उलटला. दवाखान्यातून आल्यावर मुलगा म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, एवढ्या नियमाने घेऊनही उलटला, म्हणजे हे औषध लागूच पडलं नाही. आता दुसरं देणार. तिप्पट महाग आहे, पण घेऊ. मी रात्रपाळी करीन."

मावशींनी खरे सांगितले असते, तर जुन्या गोळीलाही कदाचित पुरती संधी मिळाली असती. पण टेम्पो विकलेल्या मुलापुढे त्यांची जीभ रेटली नाही.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना सुरीने म्हणायचे असते की मला पुसून ठेवा, गंजू देऊ नका. मी तसे म्हणणार नाही. घरातल्या आजारी माणसाचे औषध फार पुरू लागले, तर त्याचे कौतुक करू नका, जवळ बसून विचारा. आमच्या घरात कोणी विचारले नाही. काल नव्या गोळ्या आल्या. मुलगा कामावर गेला, आणि मावशींनी मला दगडावर घासून धार लावली.