पाऊण मापाचे व्हायोलिन

मी एक जुने व्हायोलिन आहे, आणि तेही पाऊण मापाचे. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या हातांसाठी घडवलेले. मित्रांनो, माझ्या कारागिराने माझे लाकूड आधी काही वर्षे सुकवले आणि मग महिनाभर तासले. मग एका चष्मेवाल्याने मला आपल्या मुलीसाठी विकत घेतले.

घरात तिला छकू म्हणत. चष्मा तयार होईपर्यंत दुकानातल्या बाकावर गिऱ्हाइके ताटकळत, तेव्हा छकू मला हनुवटीखाली धरून वाजवी. "आमच्या छकूचा हात ऐका," भिंग घासता घासता बाबा म्हणत. तेवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

छकू मोठी झाली. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला संगीत शिक्षणाची पदवी घ्यायचीय. शाळेत शिकवायचंय."

बाबांचा घास हातातच राहिला. "छंद म्हणून वाजव ना, कोण नको म्हणतंय? पण पोरांकडून कुईकुई करून घेणं हे काय काम झालं? दुकान कोण बघणार?"

"दुकान तुमचं आहे, बाबा."

"मग पदवी तुझी. आमच्याकडे काही मागायचं नाही."

आई नुसती भांडी आवरत राहिली.

छकूला शिष्यवृत्ती मिळाली. मला घेऊन ती निघाली तेव्हा बाबा दुकानातून बाहेर आले नाहीत.

कॉलेजात तिला मोठे व्हायोलिन मिळाले. मी वसतिगृहातल्या कपाटावर पडून राहिलो. माझी एक तार तुटली, तारा पेलणारी घोडी कलंडली. वर्ग सुटला की छकू ग्रंथालयात काम करी आणि खोलीवर येऊन चपलांसकट आडवी होई. दोन वर्षांत तिने माझी पेटी उघडली नाही. मला राग आला नाही, असे म्हणणार नाही.

तिसऱ्या वर्षी तिला एका शाळेत शिकवायला पाठवले. लहान मुलांसाठी म्हणून तिने मला खाली काढले, पुसले, नवी तार चढवली. पण पहिल्याच तासाला वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. कुणी बाक बडवले, कुणी मांजराचा आवाज काढला. तपासायला आलेल्या बाईंनी शेरा दिला, 'वर्गावर ताबा नाही.'

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"आवाज असा का येतोय तुझा?"

"काही नाही. सर्दी झालीय."

बाबांचा आवाज मऊ झाला. "दुकानात तुझी खुर्ची अजून तशीच आहे. ये परत."

ते रागावले असते, तर तिने सोसले असते. ते मायेने बोलले आणि ती कोलमडली. तिने बॅग भरली.

सकाळी संगीताच्या खोलीची किल्ली परत करायला ती मला घेऊनच शाळेत गेली. दाराशी एक गुबगुबीत मुलगी उभी होती. "ताई, ते मांजर मीच होते," ती खालमानेने म्हणाली. "पण मला खरंच वाजवून बघायचंय. द्याल?"

छकूने मला तिच्या खांद्यावर ठेवले, तारांवर फिरवायचा गज धरायला शिकवला. पहिला आवाज असा निघाला, की मलाच लाज वाटली! चौथ्या-पाचव्या खेपेला एक सूर स्वच्छ आला. ती पोर आपल्याच हाताकडे बघत राहिली. छकूने किल्ली परत केली नाही.

वर्गात शिकवून दाखवायच्या परीक्षेच्या पाठाला घरच्यांना बोलावता येत होते. छकूने दोघांनाही कळवले. शेवटच्या रांगेत आई एकटीच दिसली, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. पाठ संपल्यावर तिने लेकीची घट्टे पडलेली बोटे हातात घेतली.

"मावशीकडे जाते सांगून निघाले. बाबांना सांगू नकोस हं."

"आई, त्यांना आवडलं असतं गं."

"ते त्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच येत नाहीत."

छकूला पदवी मिळाली, नोकरीही मिळाली. आज मी तिच्या वर्गात या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरतो. बाबा अजून एकदाही आलेले नाहीत.

मित्रांनो, न वाजवता ठेवले की आम्हा वाद्यांचे सांधे उकलतात. सरस लावून आम्हाला जोडता तरी येते. माणसांचे मला ठाऊक नाही. तुमच्या घरात कुणी काही वाजवत असेल, तर दाराशी दोन मिनिटे थांबा. नाही म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण ऐकून म्हणा.