सरकबाबांची तिरकी पाटी

कारखान्यातली झाडून सगळी माणसं काम टाकून एका तिरक्या लोखंडी पाटीभोवती जमली होती. सरकबाबांनी पाटीच्या डाव्या बाजूवरून प्रेमाने हात फिरवला, डोळे मिटले आणि दोन सारखे ठोकळे शेजारी ठेवले. उजवा जागचा हलला नाही. डावा सुर्रकन खाली आला.

"एक पापी, एक पुण्यवान," बाबा म्हणाले. "तुमचं मोठं यंत्र गेल्या आठवड्यात असंच पुण्यवान केलं. तेल घालाल, तर कृपा धुऊन जाईल."

यंत्र खरोखरच आवाज न करता चालत होतं. मालकांनी हात जोडले आणि फिटरताईंना सांगून टाकलं, "ताई, आता तेलाचं काम उरलं नाही. उद्यापासून येऊ नका."

वीस वर्षं यंत्रांना तेल घालणाऱ्या ताईंनी तेलाची झारी जागेवर नेऊन ठेवली. जाता जाता ही पाटी तरी बघावी म्हणून त्या पुढे झाल्या. कुठलाही भाग बघायचा तो पुसून, ही त्यांच्या हाताची सवय. घासलेटाचं फडकं फिरलं, मग कोरडं.

"आता सोडा, बाबा."

पुण्यवान ठोकळा ढिम्म. बाबांनी त्याला हळूच टिचकी मारली. "इथे कुणाच्या तरी मनात शंका आली आहे."

"शंका नाही, फडकं आलंय," म्हणत ताईंनी काळंकुट्ट फडकं सगळ्यांसमोर धरलं. बाबांनी तळहात पाठीमागे नेला.

ताईंनी कानावरची पेन्सिल काढली, शिसं तासून भुकटी पाटीच्या दोन्ही बाजूंवर चोळली. दोन्ही ठोकळे घसरले.

"घ्या, पापीही तरला. हे ग्राफाइट. केसाहून पातळ थर बसतो, लोखंड लोखंडाला घासत नाही. ठोकळ्याला एवढं पुरतं. यंत्रावर मणामणाचा भार. तिथे थर झिजला, की लोखंड लोखंडाला खातं."

"पण ते तर झकास चालतंय," मालक पुटपुटले.

"उघडून बघू."

झाकण निघालं. करडा थर जागोजागी उडाला होता आणि खाली नखाला लागतील असे ताजे ओरखडे होते. आणखी दोन दिवसांत यंत्र जाम झालं असतं. मालकांचा चेहरा पडला. बाबा तेवढ्यात गर्दीतून असे निसटले, की त्यांनी स्वतःलाही भुकटी चोळली असावी.

मालकांनी तेलाची झारी स्वतः आणून दिली. "ताई, उद्या जरा लवकर याल?"

"येईन. पण यंत्रापुढे हात जोडून उभं राहू नका. माझी वाट अडते."

वाचकहो, तुमच्याही गावात कुणी पुण्य वाटत आलं, तर आधी फडकं फिरवून बघा. पुसली जाते ती कृपा नसते, पावडर असते.