ओळख पटली

तुम्ही मेलेल्या बाईला डोळे मिचकावायला सांगितलंत. कुठल्या खुर्चीत बसून सांगितलंत ते आम्हाला ठाऊक नाही. तुमचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. आमची तोंडं मात्र तुम्ही दर महिन्याला मोबाईलमध्ये मागवता. सांगताना तुमची जीभ अडखळली नाही. अडखळली ती उज्वलाची, कारण पोराच्या आजीपुढे ते तिला बोलून दाखवावं लागलं.

"विमलाबाई, आईचाच चेहरा लागतो."

"आई जाऊन तीन महिनं झाले की ओ बाई."

"मला माहितीये."

"तुम्ही तर तिच्या मातीला आल्या व्हत्या."

उज्वला गांगुर्डे गेली होतीच. सातपूरच्या कारखान्यांमागच्या वस्तीत, समाजमंदिराच्या अर्ध्या खोलीत ती सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवत होती. तेजलला तिनं याच खोलीत गरोदरपणी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तिच्या पोराला, बुद्धभूषणला, पहिला डोस पाजताना त्याचे पायही तिनंच धरले होते. मग तेजलला कावीळ झाली आणि आठ दिवसांत कारभार आटोपला. नवरा नवनाथ गाडीवर ड्रायव्हर. पंधरा दिवस सुरतकडे, दोन दिवस घरी. पोर नवनाथच्या आईच्या, विमलाबाईच्या कडेवर आलं.

वस्तीतल्या तीन वर्षांखालच्या पोरांना महिन्याला आहाराचे पुडे मिळायचे. पूर्वी वहीत सही, नाहीतर अंगठा. आता आईनं मोबाईलसमोर यायचं, हिरवं वर्तुळ फिरेपर्यंत थांबायचं, डोळे मिचकावायचे. मग पुडे. उज्वलानं पहिल्याच महिन्यात नवनाथचा चेहरा घेऊन अर्ज वर पाठवला होता, आईच्या जागी वडील करा म्हणून. सोबत मृत्यूचा दाखला जोडला. मोबाईल रोज एकच सांगायचा: विनंती प्रलंबित.

पुडे समोरच्या लोखंडी कपाटात होते. तेही दिसत होते आणि पोराच्या बरगड्याही.

"एखादा असाच द्या ना," विमलाबाई म्हणाली.

"पुड्यामागं चेहरा मागतात हो. एक पुडा कमी भरला तर मी घरी बसेन, आणि इथं मग नवीन बाई यायला वर्ष लागेल."

ती खोटं बोलत नव्हती. शेजारच्या वस्तीतली अंगणवाडी तशीच कुलूप घालून पडली होती. मग मदतनीस चतुराबाई मोठ्या पोरांच्या खिचडीतला मऊ भाग वाटीत कुस्करायची आणि भूषणला भरवायची. कधी खायचा, कधी ओकायचा. दीड वर्षाचं पोर, काट्यावर सात किलो दोनशे. तक्त्यात लाल.

खोलीतल्या पोरांनी तर या सगळ्याचा खेळच केला होता. एक जण पाटी धरून मॅडम व्हायचा, बाकीच्यांनी रांगेत यायचं.

"मिचकव! मिचकव! नाय मिचकावलं, तुला खाऊ नाय. जा!"

"मी मिचकावलं की रे!"

"नाय दिसलं. नेटवर्क गेलं."

चतुराबाई आधी हसायची. हल्ली तो खेळ सुरू झाला की ती पाटी काढून घ्यायची.

मनमाडहून तेजलची धाकटी बहीण पल्लवी भाच्याला बघायला आली तो दिवस पुडेवाटपाचाच होता. दारात ती वाकून चप्पल काढत होती. चतुराबाई पळी घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली.

"अगं बया, तेजल..." एवढं बोलून तिनं जीभ चावली.

विमलाबाईनं पदर तोंडाला लावला. सख्ख्या बहिणी, एक साचा. चतुराबाई थोड्या वेळानं उज्वलाच्या कानाशी लागली.

"बाई, माझ्यासारखी जिती बाई फसली. तर ते डबडं नाय फसणार का?"

"चतुराबाई, भलतंच काही सुचवू नका."

"भलतं काय त्याच्यात? पोराचं नरडं बघा एकदा. आन् मग मला बोला."

उज्वलानं पोरांना हात धुवायला लावले, रांगेत बसवलं, प्रार्थना घेतली. प्रार्थना संपेपर्यंत तिनं मनाशी काय काय उलटसुलट केलं असेल ते तिचं तिला माहीत. पोरांनी पहिला घास घेतला तेव्हा तिनं पल्लवीला हाक मारली आणि मोबाईल वर धरला.

चेहरा जुळला नाही.

"तेजल टिकली लावायची," विमलाबाई म्हणाली. "बारीक. आन् भांग मधून."

चतुराबाईनं आपल्या कपाळाची टिकली काढली आणि पल्लवीच्या कपाळावर दाबली. विमलाबाईनं बोटानं तिचा भांग मधोमध केला.

"ताईसारखं बघू कसं पण?" पल्लवीनं विचारलं.

"ती कुठं नीट बघायची कुणाकडं? आधी खाली बघायची, मग वर."

पल्लवीनं आधी खाली बघितलं, मग वर. डोळे मिचकावले. हिरवं वर्तुळ फिरलं आणि पडद्यावर अक्षरं आली. उज्वलाला वर्षानुवर्षांची सवय, आलेलं नाव ती मोठ्यानं वाचायची, म्हणजे बाई पुढे येऊन पुडे घेते. सवयीनं तिनं वाचलं:

"तेजल नवनाथ साळवे. ओळख पटली. या पुढे."

कुणीच पुढे आलं नाही. पल्लवी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेवटी विमलाबाई उठली आणि तिनं ओटीत पुडे घेतले.

पल्लवीनं टिकली काढून चतुराबाईच्या हातावर ठेवली. "माझ्याच्यानं परत नाय व्हायचं हे," म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती आली. टिकली घरूनच लावून आली होती.

त्या दोन महिन्यांत भूषण सात किलो नऊशे झाला. विमलाबाई पुड्यातलं पीठ बोटभर तुपावर भाजायची, दिवसातून चारदा भरवायची. पोरगं भिंत धरून उभं राहायला लागलं, पाटीवाल्या पोरांच्या रांगेतही एकदा घुसलं आणि न सांगता डोळे मिचकावून मोकळं झालं.

मग वरून यादी आली. लाभार्थी मयत असताना आहार उचल.

सुपरवायझर मॅडम स्कूटीवरून उतरल्या त्या हेल्मेट न काढताच आत आल्या.

"उज्वलाताई, काय केलंत हे! मेलेली बाई जिवंत दाखवलीत?"

"मॅडम, ती मेलीये हे मीच तुम्हाला पाच महिने सांगतेय."

"अहो, पण सिस्टीमला नव्हतं ना!"

"मग आता कुठून कळलं सिस्टीमला?"

"मृत्यूच्या दाखल्यावरून."

"मी जोडलेला?"

मॅडमनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर धरून बसल्या. "मलाही वरून येतं हो सगळं," एवढंच म्हणाल्या. मग हळू आवाजात वरून आलेलं उरलेलंही सांगितलं. चौकशी होईपर्यंत या मुलाचा आहार बंद. उचललेला परत घ्यायचा. पुडे मांडून फोटो टाकायचा.

विमलाबाईनं दुपारी पिशवी आणली. दोन बंद पुडे टेबलावर ठेवले. तिसरा अर्धा होता, वरून रबर लावलेला.

"ह्यातलं त्यानं खाल्लंय बाई. पयले तर सगळेच खाल्ले. खाल्लेलं कसं देऊ वापस?"

"पोरालाच उलटं धरा म्हणावं," चतुराबाई मॅडमच्या तोंडावर म्हणाली.

मॅडमनी बंद पुड्यांचा फोटो घेतला, अर्ध्याचाही घेतला. तिन्ही कपाटात गेले. उज्वलानं कुलूप लावलं तेव्हा भूषण आजीच्या कडेवरून हात पुढे करत होता. दोन महिन्यांत तो त्या पुड्याचा रंग ओळखायला शिकला होता.

महिनाभरात पोर पुन्हा भिंत सोडून खाली बसलं. मग जुलाब, मग ताप. नवनाथ गाडी सोडून आला आणि त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. उज्वला रोज सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी तिकडे जाऊन यायची. परवा नर्सनं वजन केलं तेव्हा काट्याकडे आधी विमलाबाईनं बघितलं. तिला आकडे वाचता येत नाहीत. ती उज्वलाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला कळलं.

दवाखान्यातून उज्वला परत आली तर नोटीस येऊन पडलेली. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, अन्यथा सेवा समाप्त. मॅडमनी मोबाईलवर मजकूरही पाठवला होता, फक्त उतरवून काढायचा: माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, क्षमा असावी. बाकीच्या सेविकांचे फोन आले. लिहून टाक ताई, सुटशील. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत.

पोरं घरी गेल्यावर ती सतरंजीवरच बसली. मांडीवर पोरांची पाटी, पाटीवर कागद. चतुराबाई पातेलं घासत होती.

उज्वलानं लिहिलं:

"मयत तेजल साळवे यांची ओळख मी पटवलेली नाही. मी त्यांच्या मातीला गेले होते, त्यामुळे मला पटवण्याची गरज नव्हती. ती तुमच्या मोबाईलने पटवली. त्याच्यासमोर त्यांच्या बहिणीला मी उभं केलं. ते अनवधानाने केलेलं नाही, समजून उमजून केलं. मुलगा बुद्धभूषण, वय एकवीस महिने, वजन सहा किलो नऊशे. आई मेली हे तुम्हाला पुडे परत घेताना कळलं, पुडे देताना का कळलं नाही? वडिलांचा अर्ज अजून प्रलंबित आहे. मूल दवाखान्यातून घरी आल्यावर कुणाचं तोंड दाखवून जेवेल, ते कळवावे ही नम्र विनंती."

शेवटचे शब्द हातानं आपसूक लिहिले. सव्वीस वर्षांत तिचा एकही अर्ज त्यांच्याशिवाय संपला नव्हता. तिनं कागद लांब धरून वाचला, मग पट्टी घेतली आणि "ही नम्र विनंती" वर दोनदा रेघ ओढली.

"खाडाखोड चालत नाय ना तिथं," चतुराबाई म्हणाली. "दुसऱ्या कागदावर लिवा."

"असू दे. काय खोडलंय ते दिसू दे त्यांना."

खोडलेल्या ओळीखाली तिनं लिहिलं: तीन दिवसांत लेखी उत्तर द्या.