कोऱ्या कापडाची झोळी

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. चिकलठाण्याला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, तेव्हा तिथल्याच एका शेडात माझा जन्म झाला. माझी भावंडं बाजारात कांदे तोलत बसली. माझं नशीब थोर, माझ्या आकड्याला माणसाची लेकरं झुलली!

चंपाताई मला पिशवीत घालून वेरूळच्या डोंगराआड भिल्लांच्या वस्तीवर घरोघर नेत. लहानग्यांची वजनं घ्यायची, काय भरवायचं ते आयांना सांगायचं, हे त्यांचं काम. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. एसटी बंद असली की ताई पायीच निघत. माझ्यासाठी त्यांनी गुलमंडीतून कोरं, पांढरंशुभ्र कापड आणून हौसेनं झोळी शिवली होती.

वस्तीवर बानाबाई राहायची. नवरा वाळूजला बांधकामावर गेलेला, आणि वर्षाची लेक वाळून काडी झालेली. ताईंनी मला लिंबाच्या फांदीला टांगलं, झोळी अडकवली. बानाबाईनं लेकीला छातीशी गच्च धरलं.

"घाल गं बाई झोळीत. किती खंगलीय ते कळू दे," ताई म्हणाल्या.

"नाय, ताई! कोऱ्या पांढऱ्यात मढं गुंडाळतेत. माझी लेक जिती हाय."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी झोळी काढून टाकली. "चुकलं माझं. मग कशात घालू, तूच सांग."

बानाबाईनं सासूचं विटकं, मऊ लुगडं आणलं. "म्हातारीचं आयुष्य लागू दे तिला," म्हणाली आणि स्वतःच झोळी बांधली.

माझा काटा जेमतेम हलला. मला फार वाईट वाटलं. पण खोटं बोलणं माझ्या जातीत नाही. ताई तिथंच चुलीपाशी बसल्या. भाकरी वरणात कुस्करून, वर तेलाची धार सोडून थोडं थोडं कसं भरवायचं, ते त्यांनी करून दाखवलं. मग त्या येत राहिल्या.

पुढं एकदा बानाबाईनं लेकीला झोळीत ठेवायला उचललं आणि मध्येच थांबली. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"ताई, जड लागती व्हं!" ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, मी अडगळीत पडून असतो. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाचं भलं करायला त्याच्या दारी गेलात, तर आधी त्यालाच विचारा. त्याच्या लेकराची काळजी तुमच्याआधी त्याला लागलेली असते.